खुर्ची मिळाली तेव्हापासून

खालापूर
२४ नोव्हेंबर १९६८

सौ. मैना हिस,

तू आणि आपली सोनू कोंडाण्याला सुखरूप असाल असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे.

भाऊबीजेला निघताना 'चार दिवसांत येते' म्हणाली होतीस. नाही आलीस तेव्हा मी समजलो, बुधाजीचं भात कापायचं राहिलं असेल, भावाचं काम अर्धं टाकून बहीण कशी निघेल. मग समजलो, झोडणी असेल. आता झोडणीही आटपली असणार, कारण परवा बुधाजी खोपोलीच्या बाजारात तांदूळ घेऊन आला होता आणि आपल्या समोरच्या शकूरला भेटला. शकूरनं विचारलं, "वहिनी कधी येणार?" तर म्हणे बुधाजीनं बैलांचे भाव सांगायला सुरुवात केली. कचेरीत शेजारच्या टेबलाशी बसता बसता शकूरनं हे मला सांगितलं आणि वर विचारलं, "लडकूभाऊ, मामला काय?"

मी म्हटलं, "काही नाही."

मामला काय ते मलाही माहीत नाही. तुला बरं नाही का? की बुधाजीच्या बायकोला दिवस गेलेत? जे असेल ते कळव. मला काही समजत नाही.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. भात मी टाकतो, कालवण शकूरची शकिला पाठवते. पाणी तिचा दीर भरून ठेवतो. मला वेळ होत नाही म्हणून.

दुसरं असं की, तिळाच्या तेलाची बाटली कुठं ठेवली आहेस? देवापुढच्या दिव्याला पाहिजे होतं. उलट टपाली कळव, जरा घाई आहे.

लडकू

*

खालापूर
८ डिसेंबर १९६८

सौ. मैना हिस,

कार्ड पोचलं. 'तेल फडताळात वरच्या फळीवर हाय. सोनू बरी हाय. मी आता येनार नाय.' मी कार्ड उलटं करून बघितलं. मागं पत्ता होता, बाकी काही नाही.

'आता' म्हणजे काय? एवढ्यात नाही, की कधीच नाही? दिवसभर मी लोकांच्या सातबाराच्या नकला काढतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जमीन इकडची तिकडे होते, म्हणून प्रत्येक अक्षर तीनतीनदा बघायची मला सवय. तुझं कार्ड मी तसं बघितलं. तरी अर्थ लागेना.

आपलं भांडण झालं का? मी आठवून आठवून दमलो. दिवाळीत समोरची पोरं फटाके लावत होती, सोनूला दिसत नव्हतं. तू म्हणालीस, "हिला जरा खांद्यावर घ्या की." मी म्हटलं, "तूच घे." तू घेतलीस. नंतर तू काही बोलली नाहीस, मीही बोललो नाही. याला भांडण म्हणतात का? दुसरं काही मला सापडत नाही. कुणी काही सांगितलंय का तुला? मी कचेरीतून सरळ घरी येतो. पाहिजे तर शकूरला विचार.

आता तेलाचं. ते दिव्यासाठी नको होतं.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी फडताळापुढं उभा राहिलो. हात वर केला आणि कमरेपासून मानेपर्यंत अशी चमक निघाली की मी फडताळाचं दार धरून तसाच राहिलो. खाली बसता येईना, वळता येईना. शकिला कालवणाचं भांडं घेऊन आली, तिनं बघितलं आणि शकूरला हाक मारली. त्यानं मला आडवं केलं, तेल काढून दिलं आणि म्हणाला, "हे कधीपासून?"

त्याला सांगितलं, मग तुलाही सांगायला पाहिजे. माझी पाठ दुखते. आज नाही, पुष्कळ दिवस. मला खुर्ची मिळाली तेव्हापासून.

जमीन मोजणीच्या साखळीमागं मी फिरत होतो ते तुला आठवत असेल. सावरोलीपासून चौक गावापर्यंत बांधाबांधानं चालायचो, काटे मोडायचे, उन्हानं पाठ सोलून निघायची, पण दुखली कधी नाही. मग कचेरीत घेतलं. सगळ्या गावाला वाटलं, लडकू खुर्चीवर बसला, सुटला. खुर्ची लाकडी, टेबल बुटकं, कागद बारीक अक्षरातले. सकाळी वाकलो की संध्याकाळीच सरळ व्हायचं. महिन्याभरातच कमरेत काहीतरी ठसठसायला लागलं. वाटलं जाईल. गेलं नाही.

तुला का सांगितलं नाही, असं विचारशील. तू नदीवरून दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढून यायचीस. भात कांडायचीस, शेण थापायचीस. तुझ्यासमोर बसून मी काय सांगू? दिवसभर खुर्चीवर बसून माझी पाठ दुखली?

लडकू

*

खालापूर
२९ डिसेंबर १९६८

सौ. मैना हिस,

तुझं दुसरं कार्ड कचेरीच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे ते शिपायानं आधी वाचलं असणार. 'पाठीचं खरं हाय, का न्यायला येवं लागू नये म्हून लिवता?'

मैना, मी खोटं कशाला लिहू? खोटं लिहायचं तर दमा लिहिला असता, त्यावर लोकांचा विश्वास तरी बसतो. पाठ कुणाला दिसत नाही. भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या वरच्या कारकुनाला, मी एकदा सांगून बघितलं होतं. ते म्हणाले, "शेतावर जायला नको म्हणून लोक खुर्ची मागतात, आणि तुला खुर्ची टोचते?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो. काय करणार?

काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुला पटेल.

शकूर मला साजगावच्या नागूकडे घेऊन गेला. नागू पायाळू आहे, त्यानं लाथ मारली की भरलेली उसण जाते म्हणतात. त्याच्या म्हातारीनं दारातच सांगितलं, "पायाकडून आलाय पोरगा, मी जल्म दिलाय, मला इचारा." नागूनं मला भिंत धरून उभं केलं आणि पाठीत लाथ घातली. घरी येईपर्यंत मी ताठ चालत आलो. शकूर म्हणाला, बघा, गेली. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठता येईना. नागूला निरोप धाडला, तर तो म्हणाला ही उसण नाहीच, वात आहे. बिब्बा घाला आणि हलू नका. बिब्बा घातला. आता पाठीवर चट्टे उठलेत, त्यामुळे पालथं निजावं लागतं आणि पालथं निजलं की मान दुखते.

भाऊसाहेब म्हणतात, उशी घेऊन बस. उशी घेतली तर टेबल खाली गेलं, मी आणखी वाकलो. शकिला म्हणते, निर्गुडीचा पाला बांधा. तो बांधला की बरं वाटतं, पण कचेरीत वास येतो.

शेवटी कर्जतला डॉक्टरकडे गेलो. त्यानं कल्याणहून फोटो काढून आणायला लावला. फोटो उजेडाला धरून म्हणाला, "हाडं उत्तम आहेत."

"मग दुखतं ते काय?"

"बसणं दुखतं तुमचं."

"बसणं हा रोग आहे का?"

"तुम्ही करता तसं करत राहिलात तर होतो. अर्ध्या अर्ध्या तासानं उठत जा. चालत जा. घरी शेकायला कोण आहे?"

मी म्हटलं, "बायको आहे."

पण नागू म्हणतो हलू नका, डॉक्टर म्हणतो चाला. एकाच पाठीबद्दल दोघं बोलतायत. कुणाचं ऐकू? दोन दिवस निजून काढले तर उठताना जीव गेला. दोन दिवस चाललो तर दुसऱ्या रात्री पाय बधिर झाला. कधीकधी एखादा दिवस काहीच न करता बरा जातो, तेव्हा तर मला काहीच कळत नाही.

तुला वाटेल, कर्जतपर्यंत आला आणि पुढं कोंडाण्याला का आला नाही? शेवटची एसटी चुकली असती, असं लिहिणार होतो. तसं नाही. स्टॅंडवर तुमच्याच वाटेवरच्या कोंदिवड्याकडे जाणारी बैलगाडी उभी होती. गाडीवान ओळखीचा निघाला, बसा म्हणाला. मी जू बघितलं, चाकं बघितली, पुढचा रस्ता डोळ्यांपुढं आला आणि एकेक धक्का पाठीला आधीच जाणवला. त्याला मी काम आहे म्हणून सांगितलं. मग तू बुधाजीच्या ओट्यावर बसून काय म्हणत असशील, ते मनात आलं, तरी मी खालापूरची एसटी धरली.

लडकू

*

खालापूर
२० जानेवारी १९६९

सौ. मैना हिस,

काल तुझ्याकडून आलो तो डोकं गरगरत आलो. आज कचेरीत एका नकलेवर दोनदा एकाच माणसाचं नाव घातलं. भाऊसाहेब ओरडले. म्हणून आता कालचं जे झालं ते तुझ्यासमोर लिहूनच मांडतो. जिथं मी चुकीचं ऐकलं असेल तिथं तू सांग.

मी कर्जतपर्यंत एसटीत उभ्यानं आलो. पुढं गाडी केली नाही. डॉक्टर म्हणाला होता चाला, म्हणून चाललो. कोंदिवड्यापर्यंत बरं होतं. शेतात वाल लागले होते, मला वाटलं सोनूला शेंगा न्याव्यात, म्हणून वाकलो. तिथंच चुकलं. उठताना चमक निघाली. नदीतल्या दगडांवरून येताना मी दोन्ही हात दगडांवर टेकत आलो. एक बाई धुणं धूत होती, ती म्हणाली, "काय हरपलं काय, भाऊ?"

बुधाजीच्या खळ्यापर्यंत पोचलो आणि पेंढ्यावर आडवा झालो. बुधाजी आला. "दाजी, प्यालात काय?"

मी म्हटलं, "पाठ."

तो तुला हाक मारायला गेला. तेवढ्यात सोनू आली. मला वाटलं ती पळून जाईल, घरीही ती माझ्याजवळ फारशी येत नाही. ती थोडा वेळ बघत राहिली आणि माझ्या शेजारी माझ्यासारखीच आडवी झाली. तिला तो खेळ वाटला. माझा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचला. मग तू आलीस.

तू उभी होतीस, मला पेंढ्यावरून तुझे पायच नीट दिसत होते. तू म्हणालीस, "खरंच दुकतंय?"

"खरंच."

"किती वरसं?"

"खुर्ची मिळाली तेव्हापासून."

"म्हंजी सोनू झाली तवापासून."

मी विचार केला. खुर्ची मिळाली तो दसरा, सोनू झाली ती त्याच दिवाळीत. मी म्हटलं, "हो. तेव्हाच."

तू खाली बसलीस. पुढं तू जे बोललीस ते मी रस्ताभर मनात म्हणत आलो, म्हणून शब्द चुकायचे नाहीत. तू म्हणालीस, "पोरगी झाली आन् तुमी बदललात. हिला कदी उचललं नाय. रातीला भितीकडं तोंड करून निजलात. जेवायला हिच्या जवळ बसला नाय, उभ्या उभ्या गिळलंत. माजी सासू वर गेली, नायतर तिला इचारलं असतं. मला वाटलं, पोरगी झाली म्हून तुमाला आमी दोगी नकोशा झालो."

मी म्हटलं, "मैना, मला वाकता येत नव्हतं. डाव्या कुशीवर निजलं तरच कळ थांबायची. डावीकडे भिंत आहे."

"मग सांगायचं नाय?"

"काय सांगू?"

"दुकतंय म्हून सांगायचं! मी दर रातीला इचारायची, काय झालं? तुमी म्हनायचात, काय नाय."

ते खरं आहे. मी तसंच म्हणायचो. मला तेव्हा वाटायचं, ते उत्तर आहे.

तेव्हा मला हायसं वाटलं, मैना. मनात म्हटलं, चला, इतक्या दिवसांचं कोडं सुटलं. हिला वाटलं पोरीमुळं, होती ती पाठ. आता ही उठेल, गाठोडं बांधेल, बुधाजी गाडी जुंपेल. मी तर थोडा हसलोसुद्धा. आणि तू उलटी भडकलीस. इतकी भडकलीस की बुधाजी अंगणातून आत गेला.

"तीन वरसं मी देवाला इचारत व्हते माजं काय चुकलं. सोनूच्या अंगावर हात टाकून रडले. तिला म्हनाले, तुज्यामुळं झालं. पोरीला म्हनाले मी! आन् तुमची पाठ दुकत व्हती?"

यात माझं चुकलं कुठं, ते मला तेव्हा कळलं नाही. अजून कळत नाही. दुखत होती ती माझी, मी तुला काही केलं नाही, तुझ्यावर कधी हात उगारला नाही, पगार तुझ्या हातात आणून दिला. तरी तू बोलत होतीस ते मला खोटं वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?

मग तूच मीठ भाजून फडक्यात बांधून आणलंस आणि माझी पाठ शेकलीस.  मला इतकं बरं वाटत होतं, आणि तुझा हात इतका रागात होता, की मला उठून पळावंसं पण वाटत होतं आणि तिथंच मरावंसं पण. संध्याकाळी बुधाजीनं गाडीत पेंढा घालून मला आडवं निजवून कर्जतला सोडलं. निघताना मी विचारलं, "येतेस?"

तू म्हणालीस, "तुमी जावा. मला आदी हे पोटात बसू द्या."

किती दिवस लागतील, असं विचारणार होतो. विचारलं नाही. तेवढं तरी बरोबर केलं का?

लडकू

*

खालापूर, कचेरीतून
२४ फेब्रुवारी १९६९

मैना,

तुझं पत्र आलं. या वेळी कार्ड नाही, चांगलं दोन पानी पाकीट. मी ते घरी नेऊन वाचलं, मग पुन्हा वाचलं.

आधी इकडचं सांगतो. गेल्या आठवड्यात दुपारी मी नक्कल लिहिता लिहिता उठलो आणि भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेलो. मोठ्यानं म्हटलं, "माझी पाठ दुखते. मी यापुढं उभं राहून लिहिणार. खिडकीशी जुन्या दप्तरांची पेटी आहे ती माझ्या छातीइतकी उंच आहे, तिच्यावर लिहीन." या वेळी मी हसलो नाही. भाऊसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "आणि काम?" मी म्हटलं, "काम हातानं करायचं आहे." त्यांनी मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, मी हो धरलं.

गंमत पुढंच आहे. संध्याकाळी शकूर पेटीशी येऊन कुजबुजला, "लडकूभाऊ, माझी मान." दुसऱ्या दिवशी शिपाई आला, त्याचा गुडघा. आणि शनिवारी सगळे गेल्यावर भाऊसाहेब स्वतः आले, दाराकडे बघत म्हणाले, "तो कर्जतचा डॉक्टर, फी किती घेतो?" इतकी वर्षं आम्ही सगळे एका खोलीत बसलो होतो.

पाठ गेलेली नाही. थोडा वेळ उभा राहतो, थोडा बसतो, कचेरीभोवती एक फेरी मारून येतो. सकाळी नदीपर्यंत चालत जातो. आता पाणी मी आणतो, एका वेळी अर्धा हंडा, कमरेवर नाही, हातात. लोक बघतात. कधी दुखतं, कधी नाही. का, ते अजून कळत नाही. डॉक्टर म्हणाला, ही तुमच्याबरोबर राहील, हिच्याशी जमवून घ्या. बायकोबद्दल बोलावं तसं बोलला. 

आता तुझं पत्र. तू लिहिलंस की सोनूला तू जवळ घेऊन सांगितलंस, बाबाची पाठ दुखते म्हणून तो उचलत नाही. ती म्हणाली, मग तो निजला की मी जवळ जाईन. तिला सांग, आलो की मी आधी आडवाच होईन. शिमग्यानंतर येशील की नाही ते अजून ठरवलं नाही, असंही लिहिलंस. ठीक आहे. मी दर रविवारी कोंडाण्याला येत जाईन, चालत. नाही म्हणालीस तर नाही येणार.

आणि शेवटी तू लिहिलंस, 'तुमी चार पत्रं लिवली. समद्यात तुमची पाठ. माजं कदी इचारलंत?'

मला पहिल्यांदा राग आला. मग मी चारही पत्रं आठवून बघितली. पहिल्यात तुला बरं नाही का असं एकदा विचारलंय, पण त्याच्यापुढं लगेच तेल मागितलंय. बाकीच्यांत काही नाही.

सोनू झाली तेव्हा तू कोंडाण्याला होतीस आणि मी इथं नव्या खुर्चीवर. सांगावा आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पेढे वाटले. तुला किती त्रास झाला ते तुझ्या वहिनीला ठाऊक असेल, सुइणीला ठाऊक असेल. मला नाही. त्यानंतर तू महिनाभरात पुन्हा हंडे उचलायला लागलीस. तेव्हा तुझं काही दुखत होतं का? रात्री तू उठून ओट्यावर जाऊन बसायचीस, मला जाग असायची. मला वाटायचं उकडतंय म्हणून. थंडीतही बसायचीस. कशासाठी बसायचीस?

कसं विचारायचं ते मला नीट येत नाही, म्हणून असं विचारतो. तुझं कुठं दुखतं, मैना? कधीपासून? सगळं लिही. पानं कितीही लागली तरी चालतील, मी उभ्यानं वाचीन.

तुझा
लडकू